गाट दाकवायची

६ जानेवारी, मंगळवार

दोनशे बारा! एका दिवसात दोनशे बारा जणांची मतं वाचली आणि आता माझं स्वतःचं एकही मत उरलेलं नाही.

एक जण लिहितो — रंग लई भारी, डोळ्याला गार वाटतात. पाच स्टार. त्याच्याच खाली दुसरा — रंग डोळ्यात टोचतात, बदला. एक स्टार. दोघांनाही मीच उत्तर द्यायचं, 'आपल्या मताचा आम्ही नक्की विचार करू.' कोणत्या बाजूनं करू?

अर्धापूरचा एक केळीवाला म्हणतो, घड उतरवायची तारीख बरोबर सांगितली, पाच स्टार. औशाच्या एका बाईंनी एक दिला. कारण — 'यादी केली तरी कामं मलाच करावी लागतात.' ह्याला काय उत्तर द्यायचं ते नियमांच्या कागदात नाही!

ॲपचं नाव खूणगाठ. कामांच्या याद्या आणि टिपणं ठेवायचं ॲप. इथं कामाला काम म्हणत नाहीत, 'गाठ' म्हणतात. काम लिहिलं की गाठ बांधली, झालं की गाठ सुटली. खाली बटण आहे — 'सगळ्या गाठी दाखवा'. अव्वाला सांगितलं तर म्हणाली, 'अय्यो, दोऱ्याच्या गाठी सोडवून माझे डोळे चालले, आता फोनात बी गाठीच का?' अव्वा म्हणजे माझी आई, ब्लाउज शिवते. पुढची खोली तिची, तिच्या मशीनची आणि मापाला येणाऱ्या बायांची. मागची खोली माझी आणि कंपनीच्या लॅपटॉपची. कंपनी पुण्यात, मी लातुरात. तीन महिने कच्ची नोकरी, मग बघू म्हणालेत.

पुण्याचे माझे साहेब सुदर्शन सर म्हणतात, स्वतःच्या नोंदीसुद्धा आपल्याच ॲपमध्ये ठेवा. ठेवते. पण तिथलं कोण वाचतं, कोण नाही, मला अजून कळलेलं नाही. म्हणून ही कागदाची वही.

९ जानेवारी, शुक्रवार

आज एक वेगळाच अभिप्राय. वाटलं पत्रच आलं.

'महोदय, मी सेवानिवृत्त शिक्षक, मुक्काम उमरी तालुका. चौतीस वर्षे मराठी शिकवले. आपल्या ॲपमध्ये मी न लिहिलेला मजकूर आपोआप उमटतो. तोही अशुद्ध. तातडीने बंद करावे. — शेषेराव.' एक स्टार.

ठरलेलं उत्तर टाकलं. 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व.' दोन मिनिटांत पुढच्या अभिप्रायावर. दिवसाला निदान दीडशे उत्तरांचं बंधन आहे, करणार काय!

१० जानेवारी

अशुद्ध म्हणजे काय लिहीत असेल?

१३ जानेवारी, मंगळवार

गुरुजींनी जुना अभिप्राय बदलून नवीन लिहिला. त्यात चक्क स्वतःचा फोन नंबर! 'क्षमा नको, दुरुस्ती हवी. यादीत गाट दाकवायची असे शब्द येतात. मी पुसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. ठ ऐवजी ट, ख ऐवजी क. आपल्याकडे शुद्धलेखन तपासायला कोणी नाही काय?'

नियम असा की नंबर दिसला की लगेच झाकायचा, आणि वापरकर्त्याला फोन करायचा नाही. झाकला. पण आधी ह्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतला. का, ते विचारू नये.

सरांना कळवलं. सर खूश झाले! म्हणाले, 'सोपं आहे. सगळ्या गाठी दाखवा ह्या बटणावरचे शब्द तुटून यादीत पडतायत. फॉन्टचा घोळ.' मी म्हटलं, सर, फॉन्ट तुटला तर चौकोन येतात, ट येत नाही. 'तू तांत्रिक बाजू सोड,' म्हणाले. सोडली.

१६ जानेवारी, शुक्रवार

संक्रांतीची सुट्टी नव्हती. तिळगूळ खात खात उत्तरं दिली, लॅपटॉप चिकट झाला.

गुरुजींचा तिसरा अवतार — 'आज नवीन मजकूर. डाव्या बाजुची गाट. जू दुसरा, म्हणजे दीर्घ पाहिजे, तोही चुकला.' आता ॲपमध्ये डाव्या बाजूला एक पट्टी सरकून येते, तिच्यात जुन्या गाठी असतात. सर टाळी वाजवल्यासारखे म्हणाले, 'बघ! डाव्या पट्टीचाच दोष!' पुण्यात चार जण कामाला लागले.

मी माझ्या फोनवर ती डावी पट्टी पन्नास वेळा उघडली, पन्नास वेळा मिटली. काहीच पडलं नाही. मला काही कळेना झालंय.

१९ जानेवारी

अपडेट गेलं. 'डाव्या पट्टीतील त्रुटी दूर केली.' कोणती त्रुटी ते कुणालाच माहीत नाही.

२० जानेवारी, मंगळवार

गुरुजींच्या अभिप्रायाला सतरा अंगठे! आणि देगलूरच्या कुणा व्यंकटीचा नवा अभिप्राय — 'मला पण हेच येऊन राहिलंय, कंपनी झोपलीय का?' एक स्टार.

चला, दुसरा पुरावा सापडला. त्याच्याकडून ईमेलवर स्क्रीनचा फोटो मागवला. उत्तर आलं — 'मॅडम, मला तसं काही येत नाही. पण गुरुजी खोटं बोलणार न्हाईत. मी त्यांच्या हाताखाली शिकलेला हाय.'

हसले. मग एकदम हसू थांबलं. दोष आहे की नाही हेच ठरत नसताना आम्ही तो दुरुस्त करून राहिलो!

२२ जानेवारी, गुरुवार

गुरुजींनी फोटो पाठवला. त्यांची आजची यादी —

पेन्शनचा दाखला देणे
वर्तमानपत्राचे बिल
गाट वाडली
हरभऱ्याला पाणी
हात वर हुत न्हाई

दोन ओळी गुरुजींच्या नाहीत, हे आंधळ्यालाही दिसावं. सर म्हणाले, 'गाठ वाढली म्हणजे कामांचा आकडा वाढलाय. आणि हात वर होत नाही — बोटानं यादी वर सरकत नसेल.' मी म्हटलं, सर, पण हे ॲप असं का बोलेल? न्हाई असं? आपल्या ॲपमध्ये न्हाई हा शब्द कुठाय?

 सर म्हणाले, 'तुमच्या भागातला कीबोर्ड असेल.'

आमच्या भागातला कीबोर्ड!

२४ जानेवारी, शनिवार

आपली सरासरी चार पॉइंट तीनवरून चार पॉइंट एकवर आली. सर म्हणाले, हे प्रकरण सोमवारपर्यंत बंद कर. 'वापरकर्त्याची चूक' असं लिही.

मी वेगळं विचारलं. गुरुजींना ईमेल केला — आपला फोन घरात आणखी कोणी वापरतं का?

तासाभरात उत्तर. 'घरात मी व माझी पत्नी केवळाबाई, दोघेच. मुले बाहेरगावी. पत्नीस अक्षरओळख नाही.'

झालं, तोही रस्ता बंद. माणूस खोटं बोलत नाही, ॲपमध्ये दोष सापडत नाही, घरात तिसरं कोणी नाही. मग लिहितं कोण? दुपारभर नुसती बसून राहिले. बाकीची उत्तरंही चुकली. एका बाईंनी कौतुक केलं होतं, त्यांनाच 'त्रासाबद्दल क्षमस्व' पाठवलं!

२७ जानेवारी, मंगळवार

आज सगळं नीट लिहिते.

त्या ओळी डोक्यातून जाईनात म्हणून एका कागदावर उतरवल्या होत्या. नुसत्या त्याच, गुरुजींची कामं सोडून.

गाट दाकवायची
डाव्या बाजुची गाट
गाट वाडली
हात वर हुत न्हाई

कागद जेवायच्या जागी पडला होता. अव्वा भाकरी वाढायला आली, कागद उचलला, चष्मा नाकावर ओढून वाचला. मोठ्यानं नाही, ओठ हलवत. मग माझ्याकडं बघितलं.

'कोण हाय ही बाई?'

'बाई नाही अव्वा, ॲप आहे. त्याच्यात कामाला गाठ म्हणतात—'

'स्वप्नाली.' अव्वा माझं पूर्ण नाव क्वचितच घेते. 'ब्लाउजच्या मापाला बाया येतात. हात वर करा म्हटलं की काही जणी करत न्हाईत. मग हळूच सांगतात, डाव्या बाजूला गाठ हाय, टेप जरा सैल धरा. नवऱ्याला सांगितलेलं नसतंय. ही तसली बाई हाय. दवाखान्यात दाखवायची म्हणून राहिली ती.'

मी त्या ओळी दोन आठवडे बघत होते! चार इंजिनियर बघत होते! पट्टी, बटण, फॉन्ट, कीबोर्ड — आणि अव्वाला एका दमात दिसलं.

'पण तिला लिहिता येत नाही म्हणतात.'

'कोण म्हणतंय?' अव्वा म्हणाली.

२८ जानेवारी, बुधवार

फोटोत बघितलं, त्या ओळींपुढची वेळ चार ते पाचच्या मधली. गुरुजींच्या स्वतःच्या ओळी सगळ्या सकाळच्या. म्हणून सव्वाचारला, अव्वाला शेजारी बसवून, स्पीकरवर फोन लावला. नियम मोडला, हे इथं लिहून ठेवते.

बाईचा आवाज. 'हॅलो. ते पारावर गेलेत.'

'मावशी, मी लातूरहून बोलते. फोनमधल्या त्या यादीचं काम करते.'

मागं कोंबडीचा आवाज तेवढा.

'ते तुम्हीच लिहिता का?'

  'हाव.'

 अव्वानं फोन काढून घेतला. 'बाई, मी हिची आई. किती मोठी हाय?'

'आधी शेंगदाण्याएवढी व्हती. आता लिंबाएवढी.'

'दुखती?'

'न्हाई. हात जड पडतो.'

'मालकाला म्हाईत हाय?'

'वाचतेत की ते रोज.'

'मग?'

'पुसतेत. कंपनी लिवती म्हणतेत.'

अव्वानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच पुसत होते. मग फोनमध्ये म्हणाली, 'आम्ही येतो. तुम्ही काही बोलू नका. मी बोलते.' कोण कुठली बाई, पण तिकडून नको असं आलं नाही; उलट घर कुठं ते सांगितलं.

३१ जानेवारी, शनिवार

सरांना तब्येत बरी नाही म्हणून कळवलं. पहाटेची नांदेड गाडी, तिथून उमरीची, तिथून काळीपिवळी जीप. अव्वानं डब्यात धपाटे घेतले होते. मी एकही खाल्ला नाही.

गुरुजी दारातच. धोतर नाही, पांढरा पायजमा, खिशाला पेन. कंपनीतून माणूस आला म्हणून त्यांना काय आनंद! 'बघा, तक्रारीची दखल घेतली जाते,' असं कुणाला तरी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलले. खुर्च्या, पाणी, चहा. त्यांनी प्रत्येक चुकीची तारीखवार नोंद ठेवली होती. माझ्यापुढं वही उघडली आणि लाल शाईनं दुरुस्त केलेले शब्द दाखवायला लागले. गाट नव्हे, गाठ. वाडली नव्हे, वाढली.

अव्वानं कप खाली ठेवला. 'गुरुजी, हे तुमचं मशीन लिवत न्हाई. तुमची मालकीण लिवते.'

'केवळाला लिहिता येत नाही, बाई.' आवाज चढला नाही. समजावल्यासारखं बोलले. 'चौतीस वर्षं लिहायला शिकवलं मी. मला ठाऊक नसेल?'

केवळाबाई आतल्या दारात उभ्या होत्या. बारीक बाई, डोक्यावर पदर, डावा हात पोटाशी धरलेला. त्या पुढं आल्या. गुरुजींच्या हातातून फोन घेतला. यादी उघडली — आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, टाइप केलं. आम्ही तिघं बघत होतो. ग. काना. किती वेळ लागला त्याला! मग ट.

फोन गुरुजींपुढं धरला.

गुरुजी त्या दोन अक्षरांकडं बघत राहिले.  

'ठ,' म्हणाले. 'ट नाही, केवळा. ठ.'

'ठ कुटं हाय ते सापडंना मला,' त्या म्हणाल्या.

गुरुजींनी बोट पुढं केलं. दोनदा भलतंच अक्षर दाबलं गेलं. तिसऱ्यांदा सापडला. 'हिथं,' म्हणाले. आणि मग चष्मा काढून तसेच बसून राहिले.

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. अव्वाच म्हणाली, 'लिवणं ऱ्हाऊ द्या आता. गाडी बघा.'

शेजारचे अमृतराव जीप घेऊन आले. दोन वाजता नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात.  सगळ्या वाटेनं गुरुजींनी एकदाही काही विचारलं नाही. केवळाबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या आणि अधूनमधून दुकानांच्या पाट्या वाचत होत्या. ओठ हलवत. अव्वासारख्याच.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. तुकडा काढून तपासायला पाठवला. म्हणाल्या, आठ दिवस.

२ फेब्रुवारी, सोमवार

सरांना सगळं सांगून टाकलं. नंबर उतरवून घेतला, फोन केला, घरी गेले, आजारी नव्हते. एका श्वासात.



सर म्हणाले, 'हे तक्रारीचं तिकीट बंद करताना कारण काय लिहू मी?'

मला माहीत नाही, म्हटलं. त्यांनाही माहीत नव्हतं. शेवटी काय लिहिलं ते मी विचारलं नाही. संध्याकाळी लेखी ताकीद आली — पुन्हा असं घडल्यास. म्हणजे तूर्त तरी आहे नोकरी.

३ फेब्रुवारी

गुरुजींनी अभिप्राय बदलला. एकच ओळ. 'दोष ॲपचा नव्हता. — शेषेराव.'

स्टार मात्र एकच ठेवला! का ते कळलं नाही. सरांनी विचारलं, आता वाढवायला सांगता येईल का? मी नाही म्हटलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. काखेतही थोडा आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उशीर झालाय, पण हातातून गेलेलं नाही. आधी ऑपरेशन, मग औषधं. गुरुजींनीच फोनवर सांगितलं, वर्तमानपत्र वाचल्यासारखं सपाट आवाजात. मग म्हणाले, 'तुमच्या मातोश्रींना नमस्कार सांगा.' अव्वा मशीनवर बसली होती. नमस्कार ऐकला, पाय थांबवला, परत चालू केला.

१० फेब्रुवारी

आज एकशे साठ अभिप्राय. प्रत्येक ओळ दोन-दोनदा वाचून राहिले. 'यादी केली तरी कामं मलाच करावी लागतात' म्हणणाऱ्या औशाच्या बाई — त्या बऱ्या असतील ना? कसं विचारणार? 'आपल्या मताचा आम्ही नक्की विचार करू.' खरंच केला. दिवसभर.

१८ फेब्रुवारी, बुधवार

ऑपरेशन झालं. चार तास लागले. शुद्धीवर आल्या. अव्वानं समोरून बटणं लागणारे, डाव्या बाजूनं सैल, असे दोन ब्लाउज शिवलेत. माप न घेता! 'बघितलं होतं की मी,' म्हणाली.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

केवळाबाईंचा फोन आला. पहिल्यांदाच त्यांनी स्वतः लावला. ब्लाउज बरोबर बसले, हात खांद्याएवढा वर होतो, हे सांगितलं. नातीच्या घरी राहिलेल्या पहिलीच्या पुस्तकावर अक्षरं शिकल्या, आता दुसरीचं चालू आहे, हेही. खुशीत होत्या, म्हणून मी धीर करून विचारलं — मावशी, इतके दिवस लिहीत बसलात, गुरुजींना तोंडानं का नाही सांगितलंत?

'सांगितलं व्हतं की,' त्या म्हणाल्या. 'दिवाळीत. त्यांचा हात धरून गाठीवर ठिवला. त्यांची आई ह्याच दुखण्यानं गेली, लई भ्याले ते. म्हणले, हा शब्द पुन्हा घरात काढायचा न्हाई. मग बोलायचं बंद केलं मी, आन् लिवाया शिकले.'